करकरणाऱ्या वहाणा

“उद्या तुम्हाला या गोष्टीचा शेवट माहीत नाही,” मी नववी ‘ब’ला बजावलं. “कळलं का सगळ्यांना?”

“म्हंजे इसरायचा व्हय, बाई?” पहिल्या बाकावरच्या महावीरने विचारलं.

“हो. विसरायचा.”

“अन् वार्षिकला आला तर?”

“परवा सकाळी परत आठवायचा. फक्त उद्याचा एक तास विसरायचा.”

महावीरने शेजारच्याकडे बघितलं. बाईंचं काही खरं नाही, असं त्याच्या तोंडावर स्वच्छ लिहिलेलं होतं. त्याचं चुकत नव्हतं.

इचलकरंजीत मी बी.एड. करत होते त्या वर्षाची ही गोष्ट. वर्षभर आम्ही छात्राध्यापक गावातल्या शाळांवर टोळधाडीसारखे सोडलेले असायचो. अंगावर गणवेशाची गुलाबी काठाची साडी, काखेत गुंडाळफळा, हातात पाठाचं टाचण. या सगळ्याच्या शेवटी असायचा वार्षिक पाठ. बाहेरगावचा परीक्षक मागच्या बाकावर बसणार, तास बघणार, नंतर चर्चा करणार आणि गुण देणार. माझी नोकरी या पाठावर अडकली होती. आमच्या गावच्या हायस्कुलात मराठीची जागा रिकामी होती आणि संस्थेच्या अध्यक्षांनी वडिलांना तोंडावर सांगितलं होतं, “पोरगी पहिल्या झटक्यात पास झाली तर जूनपासून हजर. फेरपरीक्षेची भानगड झाली तर आम्ही काही थांबणार नाही.”

पाठ कुठला घ्यायचा ते चिठ्ठ्या टाकून ठरायचं. माझ्या चिठ्ठीत नववीची रहस्यकथा निघाली. आधी मी खूश झाले. मग कळलं की नववी ‘ब’ला ही कथा त्यांच्या स्वतःच्या बाईंनी शिकवून झाली होती आणि नंतर सराव पाठात आमच्यातल्याच कितीतरी जणांनी. शेवट त्या पोरांना पाढ्यासारखा पाठ होता. आणि मला टाचणात, उद्दिष्टांच्या रकान्यात, लिहावं लागलं होतं: ‘विद्यार्थ्याला कथेच्या शेवटाविषयी उत्कंठा वाटते.’ वाटते कुठली कपाळाची!

गोष्ट साधी होती. जंगलातल्या चौकीवर एक वनरक्षक, त्याची बायको यमुना आणि त्यांची लहान मुलगी राहतात. आसपास घर नाही. नव्या वहाणा करकरवत नवरा तालुक्याच्या बाजाराला जातो. दुपारी कोणीतरी सांगून जातं, की तुरुंगातून एक कैदी पळालाय आणि याच बाजूला आलाय. संध्याकाळी यमुना स्वयंपाक करत असताना बाहेर पायरीवर वहाणा करकरतात. ती हातातलं भांडं आवाज न करता खाली ठेवते, मुलीला आतल्या खोलीत नेऊन निजवते आणि दिवा मालवते. दारावर थाप पडते. पुन्हा पडते. हाक मात्र कोणी मारत नाही. यमुना दार उघडत नाही. सकाळी उघडते, तर पायरीवर नवरा मरून पडलेला. कैद्याने वाटेत त्याच्या गळ्यावर वार केलेला असतो, म्हणून त्याला हाक मारता आलेली नसते.

टाचण तपासायला आमच्या मराठी अध्यापनाच्या हेरवाडकर बाई होत्या. त्यांच्या हातातून टाचण परत आलं की लाल शाईत न्हाऊनच यायचं.

“प्रतीकं किती दिलीस, मगदूम?”

“दोन. दिवा आणि दार.”

“चार कर. परीक्षक म्हणून साळोखे सर येणार आहेत. ते प्रतीकं मोजतात.”

“गोष्टीत दोनच आहेत, बाई.”

“पायरी घे. बाजाराची पिशवी घे. शोधलं की सापडतं.”

“पिशवी कशाचं प्रतीक?”

“संसाराचं,” बाई क्षणाचाही विचार न करता म्हणाल्या. “आणि ही वहाणांची करकर. तिच्यापुढे लिही, नादानुकारी शब्द. कार्य, वातावरणनिर्मिती. आणि आशयसूत्र एका वाक्यात हवं: भीती माणसाला आंधळं करते. ते तास संपायच्या आत फळ्यावर आलंच पाहिजे. नाही आलं तर पाठ अपूर्ण.”

“बरं.”

“आणि चर्चेला थांबायचं. चर्चा करून सही केल्याशिवाय पाठ धरत नाहीत. मागल्या वर्षी एक शहाणा एस.टी. चुकेल म्हणून पळाला. वर्ष गेलं त्याचं.”

मी पिशवीचा संसार टाचणात घातला. दगडापेक्षा वीट मऊ, म्हणून पायरीला ‘घर आणि जग यांतील सीमारेषा’ केलं. आणि आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर नववी ‘ब’ला थांबवून उत्कंठेची तालीम घेतली.

नियम सोपे होते. प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचे. ज्याला उत्तर येतं त्याने पंजा उघडा ठेवायचा, ज्याला येत नाही त्याने मूठ. मी मुठीला विचारणार नव्हते. दारावर थाप पडते तिथे थांबून मी ‘आता पुढे काय होईल?’ असं विचारलं, की तीन जणांनी ठरलेली तीन चुकीची उत्तरं द्यायची. शेवट वाचला की मुलींनी तोंडावर हात ठेवायचा. मुलांनी नुसतं बघत राहायचं.

“आमी ‘अगं बाई’ म्हनू का?” महावीरने विचारलं.

“तू काही म्हणू नकोस.”

“थोडंसं?”

मी त्याला लिमलेटची एक गोळी जास्तीची दिली. भीक नको पण कुत्रा आवर, अशी माझी अवस्था होती.

दुसऱ्या दिवशी साळोखे सर मागच्या बाकावर येऊन बसले. बाक लहान, सर मोठे. गुडघे बाकाच्या बाहेर काढून त्यांनी टाचण मांडीवर घेतलं आणि पेनचं टोपण काढलं. हेरवाडकर बाई त्यांच्या शेजारी, माझ्याकडे बघून डोळ्यांनीच पदर सारखा कर म्हणून खुणावत.

सुरुवात बरी झाली. बरी म्हणजे इतकी बरी, की मलाच लाज वाटायला लागली. दिवा कशाचं प्रतीक, असं विचारायचा अवकाश, चाळीस हात वर. उघड्या पंजाला विचारलं, “आशेचं!” पिशवी? “संसाराचं!” पिशवीला संसार म्हणणारी पोरं महाराष्ट्रात तेव्हा फक्त माझ्याच वर्गात असतील. सर भुवया उंचावून लिहीत होते.

थापेपाशी येऊन मी थांबले. “आता सांगा पाहू, पुढे काय होईल?”

“कैदी दार मोडंल!” पहिलं चुकीचं उत्तर.

“ती मागल्या दारानं पळंल!” दुसरं.

तिसरं उत्तर महावीरकडे होतं. तो उठला, त्याने कपाळाला आठ्या घातल्या, फार मोठा विचार केल्यासारखं केलं आणि म्हणाला, “बाई, आपल्याला कसं कळनार? शेवट तर आपल्याला म्हाईतच न्हाई.”

मागच्या बाकावर सरांचं पेन थांबलं. हेरवाडकर बाईंनी डोळे मिटले. मी घाईघाईने शेवट वाचला, आणि सगळ्या मुलींनी एकदम, कवायतीत हात वर करावेत तसे, तोंडावर हात ठेवले. कोणीतरी फसकन हसलं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

“थांबा, मगदूम,” साळोखे सर म्हणाले. “एक प्रश्न मी विचारतो.”

परीक्षकाने मधेच बोलायचं नसतं. पण हे त्यांना कोण सांगणार?

“पायरीवर वहाणा करकरतात, असं लेखकाने लिहिलंय. या करकरीने काय साधलं?”

चाळीस हात वर. सरांनी वर्गावरून नजर फिरवली. पंजे बघितले, मुठी बघितल्या, पुन्हा पंजे बघितले. वर्षानुवर्षं पाठ बघितलेला माणूस तो. त्यांनी बोट केलं ते नेमकं मुठीकडे. “तू. खिडकीजवळची.”

ती मंगल तोडकर. वर्षभरात तिने तोंड उघडलेलं मी पाहिलं नव्हतं, म्हणून विचार न करताच मी तिला मुठीत टाकलं होतं. ती उठली आणि बाकाची कड धरून उभी राहिली. वातावरणनिर्मिती म्हण, मी मनात घोकत होते. एकच शब्द आहे, मंगल. वातावरणनिर्मिती म्हण आणि खाली बस.

“वळख पटली, सर,” मंगल म्हणाली.

“काय?”

“वहाणा त्येच्या करकरत्यात. पहिल्याच पानावर लिवलंय, जाताना. मग पायरीवर करकरल्या तवा तिला कळलंच की, नवराच आलाय म्हनून.”

वर्गात चुळबुळ झाली. ही तालमीतली ओळ नव्हती.

“चूक,” सर म्हणाले. “तिला वाटलं कैदी आला. म्हणून तर ती दार उघडत नाही. भीतीने ती आंधळी झाली. बस खाली.”

मंगल बसली नाही. “आंधळी न्हाई झाली, सर. तिला ठाऊक हुतं.”

“ठाऊक हुतं तर दार का न्हाई उघडलं?” महावीर उसळून मागे वळला. तालीम, गोळ्या, उत्कंठा, सगळं तो विसरला होता. “नवरा हाय की तिचा!”

“नवरा हाय म्हनूनच.”

मी घड्याळाकडे बघितलं. सांगता बाकी होती. आशयसूत्र फळ्यावर यायचं होतं. हेरवाडकर बाई मागून हवेत खडूने लिहिल्यासारखा हात हलवत होत्या. मी खडू उचलला, फळ्याकडे वळले आणि ‘भीती’ एवढा शब्द लिहिला. एवढा लिहिला आणि मला माझाच राग आला. इतके दिवस मी हा पाठ घेऊन बसले होते. करकर या शब्दाखाली रेघ ओढली होती, त्याला नाव दिलं होतं, कार्य दिलं होतं. पहिल्या पानावरच्या वहाणा आणि पायरीवरच्या वहाणा एकाच माणसाच्या पायात आहेत, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं.

मी खडू खाली ठेवला. “मंगल, कशावरून म्हणतेस? अजून काही आहे का गोष्टीत?”

“हाय की, बाई. भांडं तिनं आवाज न करता ठिवलं. पोरीला आत निजवलं. दिवा घालवला. अन् एकदाबी ‘कोन हाय’ म्हनून इचारलं न्हाई.” ती आता फक्त माझ्याकडे बघत होती. “चोराला भ्यालं की मानूस वरडतंय, बाई. घरातल्याला भ्यालं की गप बसतंय.”

महावीर आता पूर्ण मागे वळून बसला होता.

“तुला कसं ठाऊक?” महावीरने विचारलं. त्याने काही वाईट मनाने विचारलं नव्हतं.

“आमचा बा जिन्यात मधीच थांबतोय, भिताड धरून. चपला घासत्यात. त्यो आवाज आला की आई भाकरी झाकून ठिवती अन् मला माळ्यावर चढवती. शेजारची रखमामावशी बी तशी येती जिन्यानं, पोष्टमनबी येतोय. तवा आई हलत न्हाई जाग्यावरनं. आवाज कळतोय की, सर.”

शेवटचं वाक्य तिने साळोखे सरांकडे वळून, त्यांना समजावून सांगितल्यासारखं म्हटलं. सरांनी पेनला टोपण लावलं. मग घंटा झाली. फळ्यावर ‘भीती’ होतं आणि त्याच्यापुढे मोकळी जागा.

पोरं धडाधड बाहेर पडली. सर आणि हेरवाडकर बाई मुख्याध्यापकांच्या खोलीकडे गेले. मी गुंडाळफळा गुंडाळत होते आणि तो नेहमीप्रमाणे वाकडा गुंडाळला जात होता. तो सोडून पुन्हा गुंडाळला. पुन्हा वाकडा. त्या क्षणी मला तो खिडकीतून फेकून द्यावासा वाटला, आणि त्याच्यामागून टाचण.

“बाई.” मंगल दारात उभी होती. दप्तर छातीशी धरलेलं. “परीक्षेत काय लिवू? भीती आंधळं करते, का तिला ठाऊक हुतं?”

तिच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्याकडे नमुना उत्तर असणार होतं आणि त्यात एकच वाक्य असणार होतं.

“परीक्षेत भीती लिही,” मी म्हणाले. “गुण मिळतील.”

“बरं.” तिने मान हलवली. दोन पावलं गेली आणि थांबली. “अन् घरी, बाई?”

“घरी काय?”

“गोष्टीत तिनं दार न्हाई उघडलं. ते चालतंय का?”

“मगदूम!” व्हरांड्याच्या टोकाला हेरवाडकर बाई आल्या होत्या. “सर थांबलेत. त्यांना दुसऱ्या शाळेत जायचंय. चल लवकर, चर्चा आटपून सही कर. पाठ बुडतो की काय ते बघू, सावरून घेऊ आपण.”

खरं सांगते, मी दोन पावलं बाईंच्या दिशेने टाकलीही. नोकरी, वडील, अध्यक्ष, सगळे एका रांगेत डोळ्यापुढे उभे राहिले. मग मागे बघितलं. मंगलने रस्ता सोडून भिंतीला अंग चिकटवलं होतं, मला जायला वाट व्हावी म्हणून. उत्तर मिळणार नाही हे तिला ठाऊक असावं आणि त्याचं तिला विशेष काही वाटतही नसावं. ते मला सहन झालं नाही.

“मंगल, तुझी आई आत्ता कुठे असेल?”

“कारखान्यात. कांड्या भरायला.”

“चल, दाखव मला.”

“मगदूम, वेड लागलंय का?” बाई ओरडल्या. “चर्चेला नसलीस तर पाठ रद्द होईल!”

“होऊ दे, बाई!” मीही ओरडले. वर्षभराचा वैताग त्या एका वाक्यात बाहेर पडला. “पिशवीचा संसार तुम्हीच सांगा सरांना!”

पाठ रद्द झाला. गावची नोकरी दुसऱ्या कोणालातरी मिळाली, आणि वडील कितीतरी दिवस माझ्याशी जेवणापुरतंच बोलत होते. पण ते सगळं नंतर.

कारखाना म्हणजे पत्र्याखालची एक लांब खोली. पलीकडे माग खडखडत होते आणि अलीकडे बायका ओळीने बसून कांड्यांवर सूत भरत होत्या. मंगलची आई, अक्काताई, कोपऱ्यातल्या यंत्रावर होती. गुलाबी काठाची साडी बघून तिचा चेहरा उतरला.

“नापास झाली व्हय?”

“नाही, नाही. हुशार आहे तुमची मुलगी.”

“मग काय केलंय तिनं?”

“काही नाही केलं. उत्तर दिलं!”

मागांच्या खडखडाटात मला प्रत्येक वाक्य ओरडून बोलावं लागत होतं. कुठून सुरुवात करावी कळेना. तुमचा नवरा तुम्हाला मारतो का, असं चार बायकांसमोर ओरडून कसं विचारणार? म्हणून मी गोष्टच सांगायला लागले. वनरक्षक, बाजार, पळालेला कैदी. भर दुपारी कारखान्यात उभं राहून, गळ्याच्या शिरा ताणून, रहस्यकथा. आदल्या दिवशी चाळीस पोरांना लिमलेट देऊनही जी उत्कंठा आली नव्हती, ती इथे आली. शेजारच्या बाईने यंत्र थांबवलं. पलीकडचीनेही थांबवलं.

“वहाणा करकरल्या,” मी सांगितलं, “आणि तिने दिवा मालवला.”

“वळखलं तिनं,” अक्काताई लगेच म्हणाली.

मंगलने माझ्याकडे बघितलं.

“दारावर थाप पडली. तिने उघडलं नाही.”

“मग?”

“सकाळी बघते तर नवरा पायरीवर मेलेला. गळ्यावर वार होता.”

अक्काताईने सुटलेला धागा बोटाला गुंडाळून घेतला. तिला नवऱ्याच्या मरणाचं काही विशेष वाटलेलं दिसलं नाही. ती दुसऱ्याच विचारात होती.

“रातभर दार न्हाई मोडलं त्येला?”

“नाही.”

“मग कडी चांगली असंल तिची,” ती म्हणाली. “आमच्या दाराला कडीच न्हाई, बाई. त्यानं दिवाळीतच उपटली. तवापासनं नुसतं पाट लावून बसतोय आमी. घरमालक आज देतो, उद्या देतो म्हंतोय.”

माझ्याकडे बोलण्यासारखं पुष्कळ होतं. पोलीस चौकी, माहेर, गावातली महिला मंडळं. ते मी पुढे सगळं बोलले आणि त्यातलं काही उपयोगीही पडलं. पण त्या वेळी एकच गोष्ट सुचली.

“मंगलच्या वडिलांची पाळी सुटायला अजून वेळ आहे?”

“हाय की.”

“कडी आणली तर बसवेल कोण?”

“मी बसवती,” अक्काताई म्हणाली. “हातोडा हाय घरात.” आणि तिने यंत्र बंद केलं. “मुकादमाला सांगून मी घरी जाती. तुमी आना.”

लोखंडी सामानाचं दुकान कोपऱ्यावरच होतं. दुकानदार पेपर वाचत होता. कडी पाहिजे म्हटल्यावर त्याने चष्म्यावरून आमच्याकडे बघितलं आणि पेपरची घडी घालायला लागला. घडी नीट बसेना म्हणून उलगडून पुन्हा घातली. मी दातओठ खात उभी राहिले. दार लाकडाचं का पत्र्याचं? एका फळीचं का दोन? साधी पाहिजे का जाड? खिळे घेणार का स्क्रू? वर्षभर ज्या लोकांनी माझा जीव खाल्ला त्यांत आता याची भर.

“अहो, जाड द्या,” मी म्हणाले. “जाडात जाड असेल ती द्या!”

तो शिडीवर चढला, फडताळात हात घातला आणि वरूनच विचारलं, “भाईरनं लावायची का आतनं?”

मी तोंड उघडलं, पण त्याआधीच मंगल बोलली. वर्गात एरवी जिचा आवाज पुढच्या बाकापर्यंत जात नव्हता ती एवढ्या मोठ्याने बोलली, की रस्त्यावरून जाणारा सायकलवालाही वळून बघायला लागला.

“आतनं!”